अर्जात मेलेली माय

राखी कापगतेच्या आईला मरून वर्ष होत आलं होतं आणि खुद्द यशोदाबाईंना त्याचा पत्ता नव्हता. त्या रोज पहाटे उठत होत्या, अंगणात सडा टाकत होत्या, धानाच्या बांधीत कंबर मोडेस्तोवर राबत होत्या आणि संध्याकाळी परत येऊन नवऱ्याला आल्यागेल्यासमोर सुनावत होत्या. तब्येत ठणठणीत. मरण झालं होतं ते फक्त कागदावर, दोन पानी, निळ्या शाईत, आणि मोठं देखणं झालं होतं.

त्याची हकिगत अशी. नागपूरच्या पाच-सहा डॉक्टरांनी मिळून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा एक वर्ग काढला आहे. पोरांनी वर्षभर तिथंच राहायचं, जेवायचं, शिकायचं, फी नाही. जागा फक्त तीस, आणि त्याही आपल्या या पूर्वेकडच्या खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी राखलेल्या. गुणपत्रिका तर सगळेच जोडतात, म्हणून डॉक्टरांनी एक जादाची अट घातली: ‘मला डॉक्टर का व्हायचं आहे’ यावर आत्मनिवेदन, तेही स्वतःच्या अक्षरात. राखीला बारावीत ब्याऐंशी टक्के होते, प्रवेश परीक्षेत मात्र नंबर हुकला होता. दुसऱ्या खेपेला हा वर्ग मिळाला तर नाव निघण्याची आशा होती, नाही तर घरी बसून त्याच त्या पुस्तकांची पानं उलटायची होती.

पेशीची आकृती काढ म्हटलं असतं तर तिनं डोळे मिटून काढली असती. पण स्वतःबद्दल दोन पानं? चार दिवस खपून एक ओळ झाली: ‘मला लहानपणापासून डॉक्टर व्हायची आवड आहे.’ ती तिनं खोडली, कारण लहानपणी तिला एसटीची कंडक्टर व्हायचं होतं आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मग ती तालुक्याच्या गावी, गोरेगावला, हिरालाल मेश्रामांकडे गेली. चूक झाली ती इथं. पण तालुक्यातल्या कोणत्याही शहाण्या माणसानं हीच चूक केली असती. हिरालालकाकाजी तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस. वारसाच्या नोंदीपासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळे अर्ज त्यांच्याच हातचे. पण ते झालं पोटापुरतं. जीव होता तो नाटकात. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच, आणि आजूबाजूच्या दहा-वीस गावांत लागणाऱ्या नाटकांपैकी तीन तरी त्यांनी लिहिलेली असायची. त्यांचा नियम एकच. मध्यंतराच्या आधी एक माणूस मेलं पाहिजे. नाही मेलं तर बायका पदर डोळ्याला लावत नाहीत, आणि बायका रडल्या नाहीत तर पुढच्या वर्षी ते गाव नाटक मागत नाही.

आता जो माणूस अर्जही लिहितो आणि नाटकंही, त्याच्या अर्जात नाटक शिरणारच. एका गावाच्या बोअरवेलच्या अर्जात त्यांनी म्हातारीला तहानेनं बेशुद्ध पाडलं, शुद्धीवर आणून दोन वाक्यं बोलायला लावली आणि पुन्हा बेशुद्ध पाडलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि बोअरवेल मंजूर केली. त्या दिवसापासून हिरालालकाकाजींच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायला लागले.

“तुझ्या घरी कोण मेलं?” पेनाचं टोपण काढत त्यांनी राखीला विचारलं.

“कोणीच नाही जी.”

“आजी?”

“मस्त आहे.”

“लकवा, साप, इंचू, काही?”

“बाबाले दोन साल आधी ताप आला होता,” राखी आठवून म्हणाली, “पण उतरला.”

हिरालालकाकाजींनी टोपण पुन्हा लावलं. इतकं कोरडं कथानक घेऊन त्यांच्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं. “मंग तुले डॉक्टर काऊन व्हायचं आहे वं?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. ते सांगता आलं असतं तर राखी इथवर आलीच नसती.

तासाभरात यशोदाबाई मेल्या. साप चावला, रात्र काळोखी, नाल्याला पूर, देवचंदनं, म्हणजे राखीच्या बाबानं, बायकोला खाटेवर घालून खांद्यावर घेतलेलं, दवाखान्याला कुलूप, आणि त्या कुलपापुढं शेवटचा श्वास घेताना माय म्हणते, ‘राखी बेटा, माझ्यावानी कोणी मरू नये, तू डॉक्टर हो.’ राखीनं हे सगळं घरी आणून आपल्या वळणदार अक्षरात उतरवलं. उतरवताना ती स्वतःच दोनदा रडली आणि तिकडे चुलीपाशी बसलेली आई ओरडली, “सर्दी झाली का वं? वाफ घे!”

खोटं आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण शाळेत तिनं ‘फाटक्या छत्रीचं मनोगत’ लिहून दहापैकी नऊ मिळवले होते, ‘मी नदी बोलते’ लिहून शाबासकी घेतली होती. छत्री कुठं बोलते? नदी कुठं बोलते? निबंधात असं चालतं, हीच तिची समजूत. निबंध वाचणारा माणूस जीप घेऊन नदीच्या घरी जात नाही.

हे मात्र आले.

पहिल्या निवडीत तिचं नाव लागलं होतं, आणि नाव लागलेल्या प्रत्येकाच्या घरी डॉक्टर स्वतः जातात ही गोष्ट हिरालालकाकाजींना माहीत नव्हती. जुलैचा महिना, धानाची रोपं लावायची, रोवणीची घाई. अंगणात जीप थांबली. नीला मॅडम म्हणून एक पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई उतरल्या, त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टर. राखी पुढच्या छपरीतून उठून काही बोलणार, तोच मागच्या दारानं यशोदाबाई आल्या. डोक्यावर गवताचा भारा, लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

“या जी, बसा जी! पाणी देलं का वं पोरी?”

नीला मॅडमनी हातातल्या फायलीत पाहिलं. मग यशोदाबाईंकडे पाहिलं. पुन्हा फायलीत पाहिलं.

“आपण राखीच्या मावशी का?”

“मावशी कायले जी? मायच आहो मी तिची!” यशोदाबाई हसून म्हणाल्या.

तरुण डॉक्टरांना ठसका लागला. अजून काही खाल्लंही नव्हतं. यशोदाबाईंनी भारा टाकला, त्यांच्या पाठीत थाप मारली, पाणी दिलं, आणि त्याच चिखलाच्या पायांनी चुलीपाशी बसून पोहे केले. डॉक्टर दोन बशा खाऊन गेले. निघताना नीला मॅडम राखीकडे पाहून म्हणाल्या, “आईची काळजी घे हं.” धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं राखीला झालं. पंधरा दिवसांनी पत्र आलं, निवड झाली नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. ते लिहायची गरजही नव्हती.

घरी तिनं एवढंच सांगितलं की जागा कमी होत्या.

तर अशी ती मागची गोष्ट. यंदा जूनमध्ये तिनं पुन्हा अर्ज मागवला. नियम असा की एका मुलाला दोनदाच अर्ज करता येतो, म्हणजे हा शेवटचा. आणि दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी एक वेगळं पान होतं. त्यावर दोन प्रश्न. ‘मागच्या वेळी आपली निवड का झाली नाही, असं आपल्याला वाटतं?’ आणि ‘या एका वर्षात आपण काय शिकलात?’ सगळ्यात खाली चौकट होती: ‘हे निवेदन मला वाचून दाखवलं आहे. पालकाची सही.’

राखीनं ते पान वाचलं, घडी करून पुस्तकात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. प्रश्न काही बदलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून सुट्टी घेऊन ती कडुनिंबाखाली हजर झाली. दुकान म्हणजे दुर्गाप्रसादांचं मेडिकल. वर्षभर ती तिथं काउंटरवर उभी राहत होती आणि उरलेल्या वेळात अभ्यास करत होती. हिरालालकाकाजींना तिनं आजवर जीप, पोहे, मावशी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला.

“यशोदाबाई सामोर आली?” त्यांनी विचारलं. “जित्तीजागती?”

“गवताचा भारा घेऊन.”

“अरे बाप रे,” हिरालालकाकाजी हळूच म्हणाले. मग त्यांच्यातला नाटककार सावरला. “माझ्या नाटकात मेलेलं माणूस परत आलं तर पब्लिक शिट्ट्या मारते. तुझी कमेटीच बेकार होती!”

“काकाजी, आता काय लिहू ते सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. मिनिटभर विचार केला. डोळे उघडले तेव्हा त्यांत जी चमक होती ती पाहून राखीला भीती वाटली. “सावत्र माय!” ते टेबलावर हात आपटून म्हणाले. “मागच्या साली जे पोहे देलन, ते सावत्र माय. खरी मेली, बापानं दुसरी आणली. चेहरा सारखा काऊन, तर सख्खी बहीणच आहे मेलेलीची! मॅडमनं मावशी म्हणून विचारलंच होतं ना? बरोबर बसते का नाही?”

खरं सांगायचं तर बसत होतं. इतकं चपखल बसत होतं की राखीला दोन क्षण मोह झाला. मॅडमच्या तोंडूनच मावशी हा शब्द आलेला. एक ‘होय’ म्हटलं की सगळी कोडी सुटणार. पण मग जुलैत पुन्हा जीप येणार, आणि आपल्या दारात उभं राहून आईला सांगावं लागणार की माय, तू माझी मावशी आहेस, बाबानं तुला नंतर आणलं. देवचंदबाबा हे ऐकून काय करतील ते सोडा, आई काय करील याचीच तिला धास्ती वाटली.

“नको जी,” ती म्हणाली. “एक लपवायला दुसरं, मग तिसरं. माझ्यानं होत नाही.”

“मंग यंदा बापाले मारून पाहू का?” त्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं. पण आवाजात जोर नव्हता. विडा तोंडात टाकून त्यांनी कोऱ्या कागदांची एक चळत तिच्यापुढं सरकवली. “हे घे. जे झालं ते लिव. ते माझ्यानं होत नाही पोरी, त्याच्यासाठी माझ्याजवळ येऊ नको.”

एसटीतून घरी येताना राखीनं एक सोयीची तडजोड ठरवली. पहिल्या प्रश्नाला ‘माझी तयारी कमी होती’ असं लिहायचं. सापाचा विषयच काढायचा नाही. मॅडम विसरल्या असतील. हजारभर अर्ज येतात, कोणाची आई मेली आणि कोणाची नाही हे कोण लक्षात ठेवतं? सही बाबांची घ्यायची. देवचंदबाबा तलावाच्या पाण्याच्या पाळ्या लावण्यात असे गुंतलेले असतात की त्यांच्यापुढं कोणता कागद ठेवला हे ते पाहत नाहीत. एकदा त्यांनी लग्नपत्रिकेवरही सही केली होती.

घरी आली तर यशोदाबाई पिशवी भरत होत्या. दोन लुगडी, तेलाची बाटली, भावासाठी जवसाची चटणी.

“कोठं चालली?”

“आता नाही वं. तयारी करून ठेवून राहिली. तुझे ते डाक्टर जुलैत येतीन ना? कोणत्या दिवशी येतीन ते आधी सांगत नाहीत. म्हणून जुलै लागला का मी दरेकशाले जाईन, भावाच्या घरी. पंधरा-वीस दिवस राहीन.”

“जुलैत? रोवणी सोडून?” राखीला हसूच आलं. रोवणीच्या दिवसांत यशोदाबाई शेत सोडून जाणार, हे तलावानं सुट्टीवर जाण्यासारखं होतं. “कायले पण?”

यशोदाबाईंनी चटणीचा डबा पिशवीत नीट बसवला. तो आधीच नीट बसलेला होता.

“मागच्या बारीले मीच आडवी आली ना तुले,” त्या पिशवीकडेच पाहत म्हणाल्या. “माणसं एवढ्या दुरून आली, आन मी चिखलाचे पाय घेऊन त्यायच्या सामोर उभी राहिली. पाय धुवायची अक्कल नाही आली. तोंडाले येईन ते बोलली. त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं, वहीत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, वहीत पाहिलं. मले तवाच समजलं. म्हणत असतीन, हे असं अडाणी घर, इथची पोरगी काय डाक्टर होते. म्हणून म्हणतो, मी नसली म्हणजे बरं. तुझा बाप राहीन. तो बोलतच नाही, त्याच्यानं काही बिघडत नाही.”

राखीच्या तोंडचं हसू तिथंच राहिलं.

आणि मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली, जी वर्षभर तिच्या डोळ्यांपुढंच होती. बांधीतून आलेली आई हल्ली आधी हातपंपावर जाते, पाय घासून घासून धुते, मगच घरात येते. मंडईत तिनं सोनेरी काठाच्या सहा कपबशा घेतल्या आणि त्यांत आजवर कोणालाच चहा दिला नाही. टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई बोलते तसं ती मध्येच ‘आहे ना’, ‘बसा ना’ असं जपून बोलून बघते, आणि राखीनं तिची थट्टा केली होती: “माय, तू पुण्याची झाली का वं?” आई हसली होती. राखीला वाटलं होतं गंमत चालली आहे. मेलेल्या आईपायी ती स्वतः वर्षभर शरमेनं वाकली होती, आणि जिवंत आई शेजारच्या खोलीत त्याच दिवसाचं ओझं वेगळ्याच कारणानं वाहत होती. राखीला स्वतःचा इतका राग आला की तिला तिथं उभं राहवेना.

ती आतल्या खोलीत गेली आणि लिहायला बसली. यावेळी चार दिवस लागले नाहीत. दोन तासांत कागद भरले. खाडाखोड झाली, एका ठिकाणी शाई पसरली, पण तिनं पान बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. देवचंदबाबा तलावावर गेले होते. यशोदाबाई जेवणं आटोपून छपरीत लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. राखी त्यांच्यासमोर कागद घेऊन बसली.

“सही पाहिजे माय. पण आधी वाचून दाखवावं लागते, तसा नियम आहे.”

“बापाची घे ना. मी तर चवथी शिकली.”

“तुझीच पाहिजे.”

“मंग वाच. हात चालू राहू दे माझा.”

राखीनं वाचायला सुरुवात केली. आधी डॉक्टर का व्हायचं ते. ‘मी एका मेडिकलच्या दुकानात काम करते. नागझिऱ्याच्या जंगलातले एक गाइड तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या घेऊन आले. तिन्हींवर वेगळ्या गोळ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, यातली कोणती खाऊ? दुकानाचे मालक म्हणाले, जो नयी है वो. मला तेवढ्यावर समाधान झालं नाही. चिठ्ठीत कोणतं औषध लिहिलं आहे ते मला वाचता येतं, पण ते का लिहिलं ते समजत नाही. ते समजून घ्यायची मला फार इच्छा आहे. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही.’

“चांगलं लिवलं,” यशोदाबाई म्हणाल्या. “पण छोटं झालं.”

“अजून आहे.” राखीनं दुसरं पान वर घेतलं. ‘मागच्या वेळी माझी निवड झाली नाही, कारण मी खोटं लिहिलं होतं. मी लिहिलं की माझी आई साप चावून वारली. माझी आई जिवंत आहे. ज्यांनी तुम्हाला पोहे दिले त्याच माझ्या आई, यशोदाबाई देवचंद कापगते. माझ्या घरी कोणी मेलं नाही याची मला तेव्हा अडचण वाटत होती. ते मी माझ्या हातानं लिहिलं, दोष माझा आहे.’

डाळ निवडणारा हात थांबला.

“मी मेली?”

“हो.”

“साप चावून?”

“हो.”

“कोणता साप?”

“ते नाही लिहिलं जी.” घाबरून तिच्या तोंडून आईला ‘जी’ निघून गेलं.

“आन तुझा बाप काय करून राहिला होता तवा?”

“तुला खाटेवर घालून, खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेत होता. पुरातून.”

“तो?” यशोदाबाईंचा आवाज चढला. “तो मले खांद्यावर? आपल्या घरचा गॅसचा हंडा तो दारातून आत आणत नाही, तो मले नेते पुरातून?” आणि त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की सुपातली डाळ छपरीभर उडाली. शेजारची डिंपल भिंतीवरून डोकावून ‘काय झालं मामी?’ म्हणून विचारून गेली, तिला उत्तर मिळालं, “काही नाही वं, मी मेली होती!” राखीही हसली. तिचा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर आपण वर्षभर कशाला घाबरलो, असं तिला वाटलं.

मग यशोदाबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्यांचा हात तसाच राहिला.

“म्हणजे ती बाई,” त्या हळू म्हणाल्या, “वहीत पाहून राहिली होती...”

“वहीत तू मेलेली होती. म्हणून तुझ्याकडं पाहत होती.”

“माझ्या पायाकडं नाही?”

“नाही माय. पायाकडं कोणी पाहिलंच नाही.”

समोर अंगणात कोंबडी डाळीचे दाणे टिपायला आली होती, तिला यशोदाबाईंनी हाकललं नाही. राखी वाट पाहत राहिली. शिव्या येतील, चापट येईल, काहीही आलं तरी चालेल असं तिला झालं होतं. आलं ते वेगळंच.

“मंग मले काऊन नाही सांगितलं?”

“लाज वाटत होती.”

“तुले लाज वाटत होती,” यशोदाबाई म्हणाल्या. “मेली त्याचं मले काही नाही. नाटकात माणसं मरतच राहातात. पण वर्षभर मी... रातच्याले झोप नाही लागे मले. वाटे, एवढी हुशार पोरगी, आन माझ्या पायी राहिली. मी तुझ्या बापालेबी नाही बोलली. तू घरातच होती ना? मले एकदा तरी विचारतीस, माय, काय झालं तुले?”

आणि त्या रडल्या, तोंडाला पदर लावून, मोकळ्या आवाजात. राखीनं आजवर आईला अशी कधी पाहिली नव्हती. ती सरकून जवळ गेली, पण आईला हात लावायची तिची छाती झाली नाही. हजार अर्जांतून नंबर लागला काय आणि नाही काय, या घटकेला तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आईनं आपल्याकडं बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आईनं बघितलं नाही. राखीनं कागद मांडीवर घेतला. दुसऱ्या प्रश्नाखाली तिनं दुकानात काय काय शिकले ते लिहिलं होतं, गोळ्यांची नावं, डोस, साठवण. त्याखाली दोन-तीन ओळी मोकळ्या होत्या. तिनं तिथं लिहायला घेतलं.

“आता काय लिवून राहिली?” नाक ओढत यशोदाबाईंनी विचारलं.

“ऐक.” राखीनं वाचलं. ‘या वर्षात माझ्या घरातच एका माणसाला दुखत होतं. मी रोज त्याच्या हातचं जेवले आणि काय होतंय म्हणून एकदाही विचारलं नाही. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत होते. हे मला आज समजलं, आईनं सांगितलं तेव्हा.’

यशोदाबाईंनी ते ऐकलं. मग हात पुढं करून कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला, एकेक अक्षर ओठांनी लावत, चौथी शिकलेल्या माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घेऊन. राखी शेजारी बसून राहिली.

“पेन दे,” त्या म्हणाल्या.

चौकटीत त्यांनी सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, यशोदा देवचंद कापगते. कापगतेमधला ‘ते’ चौकटीबाहेर गेला. कागद परत देऊन त्यांनी सूप उचललं, कोंबडीला एक सणसणीत शिवी घातली आणि सांडलेली डाळ गोळा करायला लागल्या. राखीही दाणे वेचायला लागली.

“यंदा नाही घेतलं त्यायनं, तर?” यशोदाबाईंनी मान वर न करता विचारलं.

“तर नाही घेतलं.”

“हूं.” त्यांनी मूठभर डाळ सुपात टाकली. “मामाले फोन लाव. मी दरेकशाले येत नाही म्हणून सांग.”

“आणि डॉक्टर आले तर?”

“येऊ दे ना,” यशोदाबाई म्हणाल्या. “मी घरीच आहो.”